तिसऱ्या औषधाबरोबर शस्त्रक्रियेचीही चौकशी व्हावी

महोदय,

तालुक्याच्या ठिकाणी माझे मेडिकल स्टोअर आहे. फिट येणाऱ्या (अपस्मार म्हणजेच एपिलेप्सी असलेल्या) मुलांच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे पाहतो आहे. आधी व्हॅल्प्रोएटचे सिरप, मग जोडीला लेव्हेटिरासिटाम, मग क्लोबाझाम. वजनाबरोबर डोस वाढतो, फिट थांबत नाहीत. एका आईने चिठ्ठीच्या पाठीवर फिटच्या तारखा लिहून आणल्या होत्या; जागा पुरेना म्हणून कडेलाही आकडे कोंबलेले. मोठ्या डॉक्टरांना दाखवले का, असे विचारले तर म्हणाली, "डोक्याचं ऑपरेशन सांगितलं म्हणजे? म्हणून गेलोच नाही."

नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट येतच राहिल्या, तर पुढच्या औषधाने त्या पूर्ण थांबण्याची आशा थोडीच उरते. अशा वेळी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद आणि सोबत रुग्णाचे चित्रीकरण) करून फिट मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होते, हे शोधतात. तो भाग सापडला आणि काढण्याजोगा असला, तर शस्त्रक्रिया होऊ शकते. सगळीच मुले त्यात बसत नाहीत. पण निदान तपासायला तरी पाठवा.

दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटातल्या ७७ टक्के मुलांच्या फिट बंद होत्या, नुसत्या औषधांवरच्या गटात ७ टक्के. जोखीमही सांगायला हवी: शस्त्रक्रियेच्या गटातल्या ५७ पैकी १५ मुलांच्या शरीराची एक बाजू कमजोर झाली. मेंदूचा कोणता भाग काढायचा यावरून असा परिणाम आधी सांगता येतो, म्हणून पालकांना तो आधीच समजावून सांगितला पाहिजे. औषधांच्या गटातली मुले शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवर होती, हे मला आकड्यांपेक्षा जास्त बोचले.

तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संस्थेत या शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत. तरी आमच्याकडच्या चिठ्ठीवर तिसरे, चौथे औषध येते, अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राचे नाव येत नाही. गोळ्या खपल्या तर फायदा माझाच, तरीही सांगतो: तिसरे औषध लिहिताना डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर एपिलेप्सी केंद्राकडे जाण्याचा सल्ला लिहावा, आणि शासनाने व्हिडिओ ईईजीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करावी.

– एक औषधविक्रेता, जि. सोलापूर