रजिस्टरमध्ये आईची कूस दर दोन तासांनी बदलली आहे

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

ज्येष्ठांची निवास संकुलं आणि त्यांना जोडलेली शुश्रूषा केंद्रं आपल्या खात्याकडे येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. माझी आई अशा एका संकुलात तीन वर्षं राहिली. पहिली दोन वर्षं स्वतःच्या खोलीत, आपलं आपण करत. मग पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्याच आवारातल्या शुश्रूषा विभागात तिला हलवलं. मागच्या वर्षी ती गेली. संकुलाचं नाव लिहीत नाही. भेटीच्या खोलीत बसून इतर घरांतल्या माणसांकडून जे ऐकत गेले, ते थोड्याफार फरकानं सगळीकडचंच होतं.

एका रात्रीपासून सुरुवात करते. आईला ताप होता, म्हणून रात्री थांबायची परवानगी मी मागून घेतली. खुर्ची तिच्या पायाशी होती. दोन वाजता जाग आली ती सकाळपर्यंत. तेवढ्या वेळात खोलीत कुणी आलं नाही. आईची कूस मीच बदलली, जमेल तशी, एकटीनं. सहाच्या सुमारास रात्रपाळीच्या मावशी आल्या, पलंगाच्या कडेला लटकवलेलं रजिस्टर काढलं आणि एका दमात तीन खुणा केल्या : दोन वाजता उजवी कूस, चार वाजता पाठ, सहा वाजता डावी कूस. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर त्यांचा हात थांबला. हळूच म्हणाल्या, "ताई, दोन्ही वॉर्डांना मी एकटीच आहे हो."

मला त्यांचा राग आला नाही. घरी जाऊन मी कागद घेऊन बसले. दोन वॉर्ड, चोवीस खाटा. त्यातली अकरा माणसं स्वतःहून कूस बदलू न शकणारी. माणसाला वळवायचं, डायपर बघायचा, ओला असेल तर बदलून अंग कोरडं करायचं, पाठीमागे उशी लावायची, टाचा गादीला टेकणार नाहीत असं बघायचं, चादरीची घडी काढायची, हात धुवायचे. माणूस घाबरलेला नसेल, दुखत नसेल, तर दहा मिनिटं. अकरा माणसांची एकशे दहा मिनिटं. म्हणजे शेवटच्या खाटेवरून हात काढेपर्यंत पहिल्या खाटेची वेळ झालेली. उरल्या दहा मिनिटांत बाकीच्या तेरा जणांपैकी कुणाला संडासला न्यायचं, अंधारात उठू पाहणाऱ्याला सावरायचं, बेल वाजली की धावायचं. शिवाय हे काम खरं दोघींचं. एकटीनं ओढलं की चादरीला घासून कातडी सोलते. मावशी कितीही प्रामाणिक असोत, हे गणित सुटत नाही. मग ते रजिस्टरमध्ये सुटलेलं दाखवलं जातं.

त्यानंतर बाराव्या दिवशी आईचं अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लालसर डाग दिसला. बोट दाबून सोडलं की निरोगी कातडी पांढरी पडते आणि पुन्हा रंग धरते. हा डाग दाबूनही तसाच राहिला. शय्याव्रणाची, म्हणजे आपण बेडसोअर म्हणतो त्याची, ही पहिली पायरी असते हे मला नंतर कळलं. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसतही नाही. हाताला ती जागा ऊन किंवा टणक लागते, त्यावरून ओळखावं लागतं. मी लगेच सिस्टरना सांगितलं. "नोंद करून घेतो," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या आठवड्यात कातडी फुटली. चार पायऱ्या असतात, शेवटच्या पायरीत जखम हाडापर्यंत जाते. आईची तिसरीवर थांबली. ड्रेसिंगच्या वेळी ती माझं मनगट धरून ठेवायची आणि ओरडू नये म्हणून ओठ चावायची. शेजारच्या खाटेवरच्या आजींची झोप मोडू नये, याची तिला त्याही वेळी काळजी.

महोदय, हे टाळता येतं. कुणाला अशी जखम होण्याचा धोका किती, हे मोजायची ब्रेडन मोजपट्टी १९८७ सालापासून प्रसिद्ध आहे. सहा गोष्टी पाहायच्या : स्पर्शाची जाणीव, ओलेपणा, हालचाल किती, स्वतःची स्थिती बदलता येते का, पोषण, आणि अंग घासलं जाणं. एकूण गुण ६ ते २३, जितके कमी तितका धोका जास्त. पाच मिनिटांचं काम. दोन तासांचा नियमही सगळ्यांना सरसकट लागू नाही. कुणाला त्याहून जास्त वेळ चालतो, कुणाला दोन तासही फार होतात. हे ठरवण्यासाठी माणसाकडे बघावं लागतं. आईच्या फाइलमध्ये ही मोजपट्टी होती, भरलेलीही होती. दाखल झाल्या दिवशी एकदा. त्यानंतर आई तापानं अंथरुणाला खिळली, तिचं खाणं अर्ध्यावर आलं, पण आकडा तोच राहिला.

पाण्याचंही तसंच. रोज सकाळी ताजा जग भरून ठेवलेला असायचा आणि तक्त्यात "पाणी दिलं" अशी खूण. जग होता खिडकीच्या कट्ट्यावर. मोडलेल्या खुब्याच्या बाईला तिथवर हात चार फूट कमी पडत होता. संध्याकाळी मी जायचे तेव्हा तो तसाच काठोकाठ. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. माणूस मागत नाही, आणि पाणी कमी पडलं की भ्रमल्यासारखं बोलू लागतं, लघवीला जंतुसंसर्ग होतो, उठताना चक्कर येऊन पडतं. मग घरच्यांना सांगितलं जातं, "वयोमानानं होतंय." आईचा वयोमानानं झालेला भ्रम जग जवळ ठेवून दर तासाला दोन-दोन घोट पाजल्यावर तीन दिवसांत बराच ओसरला.

भेटीच्या खोलीत एक गृहस्थ रोज दुपारी यायचे. त्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश होता. ती संध्याकाळी घराकडे निघायची, दार वाजवायची, रडायची. एका महिन्यात ती एकदम शांत झाली. इतकी शांत की घास तोंडात तसाच राहायचा. मनोविकारावरची नवी गोळी, अँटिसायकोटिक गटातली, सुरू झाली होती, आणि ती त्यांना विचारून सुरू केलेली नव्हती. या गटातल्या नव्या औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली दिला आणि २००८ साली त्याच गटातल्या जुन्या औषधांनाही तो लागू केला. कधी कधी ही औषधं लागतातही, मी डॉक्टर नाही. पण दार वाजवणाऱ्या बाईचा हात धरून अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारायला माणूस नाही म्हणून गोळी दिली जात असेल, तर तो उपचार कसा म्हणायचा?

चांगलंही पाहिलं, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. एक मावशी आईची वेणी घालताना तिला तिच्या शाळेबद्दल विचारायच्या, आणि आई त्या दिवशी जास्त जेवायची. एका वॉर्डबॉयच्या लक्षात आलं की एक आजोबा हट्टी नाहीत, त्यांच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपली आहे. दोन महिने ते "ऐकत नाहीत" म्हणून नोंदवले गेले होते. अशी माणसं टिकत नाहीत. आईच्या तीन वर्षांत तिच्या खोलीची ड्युटी किती जणींनी केली, ते मोजायचं मी सोडून दिलं. दर नव्या मावशींना पुन्हा सांगायचं : डाव्या कानानं ऐकू येतं, पाठीवर झोपवायचं नाही, गोळी गिळवत नाही म्हणून कुटून द्या, पण कुटायच्या आधी सिस्टरना विचारा, सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

आता मुख्य गोष्ट. आम्ही घरची माणसं हे सगळं पाहत होतो, आणि आमच्या पाहण्याला कुठेही जागा नव्हती. तपासणीला अधिकारी आले ते आधी कळवून. त्या दिवशी चादरी नव्या होत्या आणि कधी न दिसलेल्या तीन सिस्टर वॉर्डात होत्या. अधिकाऱ्यांनी रजिस्टर पाहिलं, ते बिनचूक होतं. आम्हा नातेवाइकांशी कुणी एक शब्द बोललं नाही. आणि आम्ही तरी कुठे आपणहून बोललो? बोलायची भीती वाटते, महोदय. तक्रार करून आपण संध्याकाळी घरी जातो, आई रात्री त्यांच्याच हाती असते. करारात "अन्यत्र सोय करावी" असं सांगण्याची मुभा संस्थेला असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सोय महिनाभरात कुठे लागते? म्हणून लोक गोड बोलतात, सणासुदीला सगळ्यांच्या हातावर काही ना काही ठेवतात आणि गाडीत बसल्यावर रडतात.

ही डोळ्यांची जागा रिकामी झाली की काय होतं, ते २०२० साली जगानं पाहिलं. साथीत नातेवाइकांना दारं बंद झाली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पाच केंद्रांत मदतीला लष्कर पाठवावं लागलं, आणि सैनिकांनी पाहिलं ते लिहून वरिष्ठांना दिलं : झुरळं, आठवडे न घातलेल्या आंघोळी, मदतीसाठी हाका मारणारी माणसं आणि न येणारं कुणी. हा अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर झाला. ऑस्ट्रेलियानं तर साथीच्या आधीच अशा केंद्रांच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला होता. त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचं शीर्षकच मुळी एका शब्दाचं होतं, दुर्लक्ष. अंतिम अहवाल २०२१ मध्ये आला, १४८ शिफारशींसह. त्यातून तिथे मिनिटांचा हिशेब कायद्यात आला : १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटं शुश्रूषा, त्यातली ४४ मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची. ती सगळीकडे पाळली जातात असं मी म्हणत नाही. पण निदान मोजायला काहीतरी आहे. आईच्या वाट्याला रात्री किती मिनिटं येत होती, ते मी वर लिहिलंच आहे.

अमेरिकेत १९८७ च्या सुधारणा कायद्यानं नातेवाइकांना केंद्रात आपलं मंडळ स्थापण्याचा हक्क दिला. मंडळानं मांडलेल्या तक्रारीचा विचार करणं संस्थेवर बंधनकारक आहे. तिथे रोज, पाळीगणिक, किती परिचारिका आणि किती सहायक कामावर आहेत आणि रहिवासी किती, हे दर्शनी भागात लावावं लागतं. एका फळ्याचा आणि खडूचा प्रश्न आहे. तो फळा आमच्या संकुलाच्या दारात असता, तर "रात्री : चोवीस, एक" हे मी पहिल्याच दिवशी वाचलं असतं आणि आईला तिथे ठेवण्यापूर्वी विचार केला असता.

तेव्हा आपल्याकडे माझं मागणं असं : तो फळा सक्तीचा करा, रात्रीच्या पाळीसह. तपासणी न कळवता व्हावी, रविवारी आणि पहाटे व्हावी, आणि अधिकाऱ्यानं रजिस्टर उघडण्याआधी निदान पाच घरांशी संस्थेच्या माणसांपासून दूर बसून बोलावं. ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, त्यांची यादी वेगळी मागावी आणि त्यांच्या पाठी, टाचा स्वतः पाहाव्यात. त्यांच्या वतीनं बोलणारं दुसरं कुणी नाही. फाइल पाहायचा हक्क रहिवाशाला आणि त्यानं सांगितलेल्या माणसाला असावा, आणि मागितल्यावर ती दोन दिवसांत मिळावी. तक्रार केल्यानंतर ठरावीक काळ कुणालाही केंद्रातून काढता येऊ नये. आणि मावशींचं वेतन, त्यांचं प्रशिक्षण यांकडे पाहिल्याशिवाय हे काहीच उभं राहणार नाही. दोघींचं काम एकीच्या पाठीवर टाकून तिच्याकडून माया अपेक्षिणं क्रूर आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली ज्येष्ठांसाठी तत्त्वं मंजूर केली, त्यात कोणत्याही निवाऱ्यात किंवा शुश्रूषा केंद्रात राहतानाही माणसाची प्रतिष्ठा, खासगीपणा आणि स्वतःच्या शुश्रूषेबद्दल निर्णय घेण्याचा हक्क अबाधित राहावा असं स्पष्ट म्हटलं आहे. आईला तिची कूस कुठली हवी, हे विचारणंसुद्धा त्यात येतं. तिला डावी आवडायची, खिडकीकडची.

पत्रासोबत दोन गोष्टी जोडते आहे. एक, आईच्या रजिस्टरच्या पानांच्या प्रती, ज्या मला तीन अर्ज करून मिळाल्या. दुसरी, माझी वही. जखम उघडल्यावर भाऊ आणि मी आळीपाळीनं नऊ रात्री तिच्याजवळ थांबलो. कोण कधी आलं, कूस कुणी बदलली, बेल वाजवल्यावर किती वेळानं उत्तर आलं, ते घड्याळ बघून त्यात लिहिलं आहे. त्या नऊ रात्रींची पानं रजिस्टरच्या पानांशेजारी ठेवून वाचावीत, एवढी विनंती. आपल्या कार्यालयातून बोलावणं आलं तर येईन आणि विचाराल ते सांगेन. फक्त रात्रपाळीच्या त्या मावशींचं नाव मी देणार नाही.

आपली,
शुश्रूषा विभागातल्या एका रहिवाशाची मुलगी