मनू, डोळ्याला हात लावू नकोस

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

देवगिरी सुटल्यावर फलाटावरच तुला फोन लावणार होतो, मग खिशात ठेवून दिला. बांधावरचं भांडण गाडीत मिटवायचं म्हणजे सगळ्या डब्याला ऐकू जाणार. म्हणून कागदावर लिहायलोय. छोटू फोटो काढून पाठवील.

तुला वाटलं, मी तुझ्या संशोधनावर चिडलो. "सहा वर्षं झाली, अजून मर रोगावर औषध नाही?" असं मी बोललो खरं. बोलायला नको होतं. पण त्याच्या आधी काय झालं ते आठव. वाळलेलं तुरीचं झाड तू उपटलंस, खुरप्यानं बुडाची साल सोललीस आणि आतली काळपट रेघ दाखवलीस. "बाबा, पाणी चढायच्या नळ्याच बुजल्यात. फ्युजारियम." आणि त्याच हातानं उजवा डोळा चोळलास.

तिथं माझं डोकं फिरलं.

हे नाव मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकलं नाही. कडब्याची पेंढी उचलताना मामाच्या डोळ्याला पान लागलं, आठ दिवस गावातलेच थेंब घातले, बुबुळावर पांढरा ठिपका आला, तेव्हा तपासणीच्या कागदावर हेच नाव होतं. शेतकऱ्यांच्या डोळ्यात ही बुरशी अशीच शिरते, असं डॉक्टर म्हणाले होते. कागद मी घेऊन उभा होतो. पुढचं तुला माहीत आहे.

तू म्हणशील, माझी बुरशी झाडाची आहे. असेल. मी वाद घालत नाही. लॅबमध्ये तो प्लास्टिकचा चष्मा लावतेस का, एवढंच आईला विचारायचंय.

रात्री ओसरीवर तू तिला समजावत होतीस तेव्हा मी झोपलो नव्हतो. पेशीच्या अंगावर फेरोनिया नावाचं प्रथिन बसलेलं असतं. झाड स्वतःच रॅल्फ नावाचा बारका तुकडा सोडतं, तो त्याला चिकटला की पेशीबाहेरची आंबटाई उतरते आणि पेशी ताणायची थांबते. म्हणजे वाढीला झाडानंच लावलेला लगाम. आणि फ्युजारियमनं तसाच रॅल्फ आपल्या घरी बनवलाय! २०१६ मध्ये टोमॅटोवर ते उघडकीला आलं म्हणालीस; ज्या बुरशीला हा नकली रॅल्फ बनवता येत नाही, ती झाडाला तेवढी मारू शकत नाही. मला एकदम बोगस बियाणं आठवलं. पिशवी तीच, छाप तोच, आत भलतंच.

"मग ते फेरोनियाच काढून टाका की," आई म्हणाली. मीही अंथरुणात तेच म्हणत होतो. तू हसलीस. मोहरीच्या कुळातल्या एका रोपात ते बिघडवून बघितलंय, मर कमी होते, भुरीसुद्धा कमी येते, पण झाड खुजं राहतं, मुळांची लव धड येत नाही, बी कमी धरतं आणि जिवाणूंचा रोग उलट जास्त येतो. असली तूर घेऊन मी करू काय? तेव्हा कळलं, सहा वर्षं का लागतात.

सकाळी पारावर दोघांना हे सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "रॅल्फ किती रुपये लिटर?" तरी सांगताना बरं वाटत होतं. आपल्या कवठाचं जुनं शास्त्रीय नावही फेरोनियाच होतं आणि या प्रथिनांच्या कुळाला नाव सदाफुलीत सापडलेल्या प्रथिनावरून पडलं, हेही सांगून टाकलं. आई आता तुळशीआधी सदाफुलीला पाणी घालते.

तुझी आजी जोंधळ्यात तुरीच्या ओळी टाकायची, मर कमी यायची. मी भावाच्या नादानं सोयाबीन धरलं आणि खालच्या पट्ट्यात तुरीवर तूर घेतली. यंदा तिथं बदनापूरचं ७३६ हे तुरीचं वाण आणि जोंधळाच टाकतो. माणसानं जुनं सोडताना जरा विचार करावा, नुसता पैसा बघू नये, आणि तू पण तिकडं रात्र-रात्र जागून... राहू दे. चूक माझी आणि भाषण तुला.

चौथीत मिरच्या खुडून डोळे चोळले होतेस. आजीनं पदर दुधात भिजवून डोळ्यांवर धरला होता, आणि तू एका डोळ्यानं रडत दुसऱ्यानं मुंग्यांची रांग बघत होतीस. तेव्हाच म्हटलं होतं, ही पोरगी शेतात राहायची नाही. तेव्हाही उजवाच डोळा.

परत तिथंच आलो. आईचं नाव पुढं केलं, पण ती निवांत आहे. मीच विचारायलोय.

तुरीची डाळ बॅगेच्या तळाशी आहे, शेंगदाण्याची चटणी वर. खात्यावर पाचशे टाकलेत, ते चष्म्याचे. लॅबमध्ये फुकट मिळतो हे तू सांगितलंयस, तरी एक स्वतःचा घे.

तुझा,
बाबा