कंपाइल पर्यायांची नावे बदलल्याने बॅकअप एन्क्रिप्शनविना गेल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

विषय: बॅकअप सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतील ऐच्छिक बिल्ड पर्यायांची नावे

महोदय,

आमच्या पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. आमच्या लिनक्ससाठी आपले तयार पॅकेज मिळत नसल्यामुळे आपले सॉफ्टवेअर आम्ही सोर्समधून (मूळ कोडमधून) स्वतः कंपाइल करून, म्हणजे बांधून, वापरतो. सपोर्टचे पैसे दरवर्षी वेळेवर भरतो.

नव्या आवृत्तीत आपण एन्क्रिप्शनची ओपनएसएसएल लायब्ररी जोडणारा 'विथ-ओपनएसएसएल' हा पर्याय काढून 'एनेबल-सिक्युअर' आणला. रिलीज नोट्समध्ये त्यावर एकच ओळ आहे: बिल्ड पर्यायांची नावे सुटसुटीत केली आहेत. जुने नाव कोणते आणि नवे कोणते, याचा तक्ता कुठेही नाही. आमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये जुनेच नाव होते. बिल्डआधी पर्याय वाचणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स' (अनोळखी पर्याय) एवढी वॉर्निंग दिली, ती शेकडो ओळींत वाहून गेली आणि बिल्ड यशस्वी म्हणून पूर्ण झाला. कॉन्फिग फाइलमध्ये एन्क्रिप्शन चालू ठेवलेले होते; तेही सॉफ्टवेअरने मुकाट्याने सोडून दिले.

हे उघडकीस आले ते रिस्टोअरच्या चाचणीत. दुसऱ्या मशीनवर टेप लावली आणि किल्ली न देताच ती वाचली गेली. वाचता येणारा मजकूर तेवढा दाखवणारी स्ट्रिंग्ज कमांड चालवली तर खातेदारांची नावे, खाते क्रमांक आणि ठेवींच्या रकमा ओळीने पडद्यावर आल्या. या टेप आम्ही इमारतीबाहेरच्या लॉकरमध्ये पाठवतो. त्यातली एखादी वाटेत गहाळ झाली असती तर सभासदांना काय तोंड दाखवले असते?

आपल्या सपोर्टने 'एनेबल-सिक्युअर' वापरा असे कळवले. तसे केले, तरी टेप उघडीच. मग कळले की हा पर्याय फक्त क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामधली वाहतूक सुरक्षित करतो. टेपवरचा डेटा झाकायला 'एनेबल-व्हॉल्ट' वेगळा द्यावा लागतो. 'सिक्युअर' वाचून हे कोणाला कळणार? 'डिसेबल-नोकम्प्रेस' दिल्यावर कॉम्प्रेशन चालू होते की बंद, हेही मला सोर्स उघडूनच पाहावे लागले.

कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनाचा संकेत जुना आणि सोपा आहे. बाहेरची लायब्ररी जोडायची असेल तर 'विथ', सॉफ्टवेअरच्याच अंगचे वैशिष्ट्य असेल तर 'एनेबल'. बॅक्युला हे दुसरे बॅकअप सॉफ्टवेअर हा संकेत बऱ्यापैकी पाळते: 'विथ-पोस्टग्रेसक्यूएल', 'विथ-ओपनएसएसएल', 'एनेबल-क्लायंट-ओन्ली'. नाव वाचले की काय जोडले जाणार ते समजते. शिवाय कॉन्फिगर संपताना काय चालू आणि काय बंद, याची यादी बॅक्युला छापते. जेंटू या लिनक्समध्ये सामाईक यूज फ्लॅगचे (पॅकेज बांधतानाच्या पर्यायांचे) वर्णन एकाच जागी लिहिलेले असते, त्यामुळे एकच नाव दोन पॅकेजमध्ये दोन अर्थांनी सहसा फिरत नाही. आपल्याकडे तर एकाच पॅकेजमध्ये गोंधळ आहे.

माझी मागणी अशी. जुनी नावे किमान पुढच्या एका मुख्य आवृत्तीपर्यंत चालू ठेवा. काढायचीच असतील तर ती दिल्यावर बिल्ड तिथेच थांबू द्या आणि नवे नाव सांगा. ऑटोकॉन्फमध्ये 'एनेबल-ऑप्शन-चेकिंग'ला 'फेटल' ही किंमत देता येते, अनोळखी पर्याय आला की काम थांबते. ही सोय आपल्या मॅन्युअलच्या पहिल्या पानावर हवी. 'सिक्युअर' आणि 'व्हॉल्ट' यांना त्यांच्या कामाची नावे द्या: एक वाहतुकीचे, एक साठवलेल्या डेटाचे. आणि सर्वांत तातडीचे म्हणजे, एन्क्रिप्शनशिवाय बांधलेल्या प्रोग्रॅमला कॉन्फिग फाइलमध्ये एन्क्रिप्शन मागितलेले दिसले तर त्याने बॅकअप सुरूच करता कामा नये. नाव चुकले तरी निदान इथे अडायला हवे होते.

उघड्या टेप आम्ही परत मागवून पुसल्या आहेत आणि जुन्या आवृत्तीवर परतलो आहोत. बिल्डचा लॉग व कॉन्फिग फाइल सोबत जोडली आहे. वरील बदल कोणत्या आवृत्तीत येणार, हे लेखी कळवावे. ते कळेपर्यंत सपोर्टच्या नूतनीकरणाचे बिल संचालक मंडळापुढे ठेवणार नाही.

आपला,
सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर