सिरियन-आर्मेनियन जेवणाच्या चुकीच्या ऑर्डरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आर्मेनिया सहल – येरेवानमधील जेवणाचा परतावा

महोदय,

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत येरेवानमधल्या एका कुटुंबाच्या सिरियन-आर्मेनियन रेस्टॉरंटमधले जेवण ‘खास आकर्षण’ म्हणून छापले होते. त्याचे पैसेही वेगळे घेतलेत. ते जेवण फसले, आणि दोष तिथल्या स्वयंपाकघराचा नसून आपल्या ऑर्डरचा आहे.

मांती हा वेळेचा पदार्थ. खिमा भरलेल्या होडीसारख्या छोट्या पाऱ्या ट्रेमध्ये कडक, लालसर भाजतात. गरम रस्सा शेवटी पडतो, वाढताना वर लसणीचे दही आणि सुमाक हा आंबट लाल मसाला. बस तासभर उशिरा पोहोचली, आपल्या सहल व्यवस्थापकांनी कळवलेच नाही. ठरल्या वेळेला रस्सा ओतून ठेवलेला, त्यामुळे आमच्या ताटात लगदा आला. लहमजूनचेही (खिमा पसरून भाजलेली पोळी) तेच: पोळी इतकी पातळ की भट्टीतून काढल्यावर लगेच खावी लागते, थांबली तर चिवट होते.

शाकाहाऱ्यांचे हाल त्याहून वाईट. नोंदणीच्या अर्जात आमच्यापैकी शाकाहारी कोण हे स्पष्ट लिहिले होते. आपण रेस्टॉरंटला फक्त एकूण माणसे कळवलीत. परिणाम: ब्रेड, काकडी आणि मटणाच्या रश्श्यात शिजलेला भात! वास्तविक सिरियातल्या हलबहून (अलेप्पो) आलेल्या या आर्मेनियन घरांत शाकाहारी पदार्थांची वानवा नाही. मसूर आणि बारीक बुलगुरचे (उकडून भरडलेला गहू) वोस्पोव कोफ्ते, टोमॅटोत कालवलेल्या बुलगुरचे ईच, ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात ती द्राक्षाच्या पानांतली भाताची सारमा, लाल मिरचीची चटणी मुहम्मरा. यातले बरेच आदल्या दिवशी करून ठेवता येते, म्हणजे उशिराचाही प्रश्न नव्हता. फक्त सांगायला हवे होते. मुहम्मऱ्यात अक्रोड असतात, अॅलर्जीची चौकशीही आपण केली नाहीत. जैन मंडळींसाठी तर कांदा-लसूण वगळून काय होईल हे आधीच विचारावे लागते.

मागण्या:
या जेवणाचे पूर्ण पैसे परत करावेत.
पुढच्या गटांसाठी शाकाहारी, जैन आणि अॅलर्जी असलेल्यांची संख्या रेस्टॉरंटला किमान दोन दिवस आधी लेखी द्यावी. भात-सूपाला मांसाचा रस्सा नको, हे वेगळे लिहावे. ‘मांस नको’ म्हटल्याने रस्सा वगळला जाईलच असे नाही.
बस निघताच फोन करावा, म्हणजे मांतीवर रस्सा वेळेवर पडेल.

लेखी उत्तर पंधरा दिवसांत अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. पावत्या आणि नोंदणी अर्जांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपले,
सहलीतील प्रवासी