दोन इंच लिफ्ट: बिलावर मापंही लिहा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या जुन्या जिप्सी, एमएम ५४०, मेजर आणि २०२० पूर्वीच्या थार अशा जीपगाड्या गॅरेजच्या दारात उभ्या राहू लागतात. ताम्हिणी, वरंध किंवा वेल्ह्याकडचे रस्ते डोळ्यांसमोर असतात आणि मागणी ठरलेली असते: ‘स्वस्तात दोन इंच लिफ्ट करून द्या’, म्हणजे गाडी तेवढी उंच करा. बिलावरही तेवढंच येतं, ‘लिफ्ट किट, १ नग’. शॉकअप (धक्के शोषणारी नळी) पूर्ण दाबून मिटल्यावर किती लांब, ओढून उघडल्यावर किती आणि कमान (पोलादी पाट्यांची स्प्रिंग) किती वजनासाठी बनवली आहे, याचा पत्ता नसतो. ही तीन मापं माहीत नसतील तर माल स्वस्त पडला की महाग, हे ठरवायचं कशावरून?

मुळात बऱ्याच गाड्यांना किटची गरजच नसते. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजावं. डाव्या-उजव्या बाजूत १५-२० मिमी फरक असेल तर एक कमान बसली आहे, म्हणजे तिचा बाक गेला आहे, किंवा तिचा एखादा पाटा तुटला आहे. मग शॅकलपाशी, म्हणजे कमानीचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांपाशी, बॅटरी मारून बघावं. कमानीच्या डोळ्यातला रबरी बुश एका बाजूनं फुगून बाहेर आलेला, कमानीच्या डोळ्याची कड शॅकलच्या पट्टीवर घासून चकचकीत झालेली आणि भोवती गंजाची लाल भुकटी, असं दिसलं की आवाजाचं आणि गाडी भरकटण्याचं निम्मं कारण सापडलं. बुश हा या सगळ्यात सर्वांत स्वस्त भाग आहे आणि नेमका तोच शेवटी बदलला जातो. बदलताना एक गोष्ट पाळावी: शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हातानं लावावेत आणि चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन कमानीवर आल्यावरच आवळावेत. लटकत्या चाकावर आवळलेला रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो.

कमान कडक वाटते म्हणून एखादा पाटा काढून टाकणारे आहेत, आणि गाडी उचलायची म्हणून जादा पाटा घालणारेही. पाटा काढला तर ब्रेक मारताना उरलेली कमान एस अक्षरासारखी वाकते. जाड, आखूड पाटा घातला तर त्याचं टोक जिथं संपतं नेमक्या तिथंच वरच्या पाट्यावर ताण येतो आणि तो तडकतो. जिप्सीला चारही बाजूंना कमानी आहेत. त्यांचा कडकपणा पुष्कळदा गंजलेल्या पाट्यांच्या एकमेकांवरच्या घर्षणाचा असतो. पूर्ण संच सोडून, पाटे घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधला तर गाडीच्या चालीत पडणारा फरक पाहून मालक चकित होतात. मुख्य पाट्याला सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी केसाएवढी चीर दिसली, तर मात्र ती कमान भंगारात टाकावी.

बसलेली कमान ठोकून पुन्हा बाक देणं हा पुण्यात सर्रास मिळणारा स्वस्त उपाय. थंड ठोकलेल्या कमानीचा बाक टिकाऊ नसतो. भट्टीत तापवून नुसतीच थंड केली तर स्प्रिंगच्या पोलादाचं पाणीच (कडकपणा) उतरतं. कारागिराकडे पुन्हा पाणी द्यायची सोय आहे का, हे आधी विचारावं. नसेल तर मूळ जाडीच्या, मूळ संख्येच्या पाट्यांची नवी कमान शेवटी स्वस्त पडते. कमान अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच हवेत. जुने एकदा ताणले गेलेले असतात आणि पुन्हा धरत नाहीत. ते सैल राहिले की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि अॅक्सल सरकून गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पहिल्या ५०० किमीनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत.

लांब शॅकल ही सर्वांत स्वस्त लिफ्ट. ५० मिमी जादा लांबीला उंची मिळते जेमतेम २५ मिमी, कारण कमानीचं एकच टोक खाली जातं. त्यात पुढच्या अॅक्सलचा कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा स्टीअरिंगचा कल) बिघडून स्टीअरिंग हायवेवर हातात ठरत नाही. यात फायद्याचा सौदा कुठं आहे, कळत नाही.

आता शॉकअप. जुना शॉकअप जागेवर असताना गाडी सपाट उभी करून त्याच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा. मग बम्प स्टॉपचं, म्हणजे अॅक्सलला वर येताना अडवणाऱ्या ठोकळ्याचं, रबर आणि ते जिथं आदळतं ती जागा, यांतलं अंतर मोजा. समजा ही मापं ४२० आणि ९० मिमी आली. रबर टेकेल तेव्हा शॉकअपला ३३० मिमी जागा उरेल. रबर आणखी दबतं, म्हणून मिटलेली लांबी ३०५ मिमीपेक्षा जास्त नको. मग चेसिस जॅकनं उचलून चाक पूर्ण लटकू द्या आणि पुन्हा मोजा. उघडलेली लांबी त्याहून थोडी जास्तच हवी. किटमधला लांब शॉकअप उघडताना पुरतो, पण मिटताना बम्प स्टॉपच्या आधीच तळाला लागतो. मग खड्ड्यात वरची पिन तुटते किंवा दांडा वाकतो, आणि दोष रस्त्याला दिला जातो. (रस्ते निर्दोष आहेत असं नव्हे.) असा शॉकअप घ्यायचाच असेल तर बम्प स्टॉपही तेवढाच खाली आणावा लागतो.

महागडा मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉकअप घ्यायलाच हवा असं नाही. तो थंड चांगला राहतो, पण नळीला दगडाचा पोचा पडला तर पिस्टन अडकतो. घाटात आणि कच्च्या रस्त्यावर सावकाश चालणाऱ्या गाडीला साधा ट्विनट्यूब (नळीत नळी असलेला) गॅस शॉकअप पुरतो. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून आतली हवा काढावी.

जुन्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढं कमानीऐवजी टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी) आहे. तो पिळला की गाडी उचलली जाते, म्हणून हे काम फुकटात होतं असा समज आहे. बार त्यानं कडक होत नाही. चाकाला खाली लटकायला असलेली जागा तेवढी संपते, चाकाच्या सांध्याचा (बॉल जॉइंटचा) कोन वाढतो आणि ड्राइव्ह शाफ्टची रबरी आवरणं (बूट) फाटतात. २५ मिमीपलीकडे जाऊ नये आणि नंतर अलाइनमेंट चुकवू नये.

गाडी उचललीच, तर चाक पूर्ण लटकवून ब्रेकचे होस ताणले जात नाहीत ना, हे बघा. मागच्या अॅक्सलला भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही नव्यानं लावून घ्यावा लागतो. गाडी उंच झाली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. हे काम क्वचितच कुणी करतं. शिवाय झिजलेला भाग त्याच मापाच्या भागानं बदलणं ही दुरुस्ती, पण गाडीची उंची बदलली की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरच्या बंधनाचा, प्रश्न येतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी उभी राहते, तेव्हा तो अडचणीचा ठरू शकतो.

नाना पेठेतल्या आणि इतर ठिकाणच्या सुट्या भागांच्या विक्रेत्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती, की बिलावर वर सांगितलेली तीन मापं लिहावीत. ते जमत नसेल तर निदान गिऱ्हाइकाला दुकानातच टेप लावू द्यावा. गॅसचा शॉकअप पट्टा बांधून येतो, ती त्याची मिटलेली लांबी नव्हे. पट्टा सोडून, दांडा तळापर्यंत दाबूनच मोजावं.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे