व्हॅनमधला पेट्रोलचा कॅन आधी खाली उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ मे २०१३, शनिवार. पाकिस्तानातल्या पंजाबमधला गुजरात जिल्हा. मुलांना घेऊन निघालेली व्हॅन शाळा काही किलोमीटरवर असताना पेटली. आत मुलांसोबत समिया नूरीन या शिक्षिका होत्या. त्यांना स्वतःला बाहेर पडणं शक्य होतं. मुलांना काढायला त्या आगीत शिरल्या आणि तिथंच गेल्या. पंधराहून अधिक मुलंही दगावली.

बाईंच्या धैर्याबद्दल तेव्हा पुष्कळ छापून आलं, ते योग्यच होतं. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग आणि गॅस किटची कामं करणारी माणसं. आमचं लक्ष त्या बातमीतल्या दुसऱ्याच ओळीवर अडकतं. सुरुवातीला सगळ्यांनी 'सिलिंडर फुटला' असंच म्हटलं. पोलिसांनी नंतर सांगितलं ते वेगळं होतं. गाडी गॅसवरून पेट्रोलवर घेताना ठिणगी पडली आणि सीटजवळ ठेवलेल्या पेट्रोलच्या कॅननं पेट घेतला. म्हणजे ज्या सिलिंडरला आपण घाबरतो त्यानं नाही, तर ज्याकडे कुणी बघतही नाही त्या प्लॅस्टिकच्या कॅननं घात केला.

जूनमध्ये शाळा सुरू होतील. फुलेवाडी, कळंबा, उचगाव, शिरोलीकडून पुन्हा व्हॅन भरून पोरं शहरात येऊ लागतील. त्याआधी हे लिहिणं भाग आहे.

गाडीत कॅन येतो कसा, ते आधी सांगतो. व्हॅन दिवसभर गॅसवर पळते. टाकीत पेट्रोल जेमतेम असतं, कधी नसतंच. पेट्रोल महिनोन्‌महिने न फिरल्यामुळे रबरी पाइप कडक होऊन क्लिपजवळ तडकतो. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर असतो, त्याच्या वाटीतलं (बाउल) पेट्रोल सुकून डिंकासारखा थर धरतं, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकते आणि पेट्रोल चालू केलं की ते वरून सांडतं. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे सांडलेलं पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनवर. दुरुस्ती करण्यापेक्षा 'असू दे की बाटलीत दोन लिटर, गॅस संपला तर पंपापर्यंत जाता येईल' हा हिशेब सोपा वाटतो. मग ती बाटली सीटच्या मागं, दप्तरांच्या मध्ये जाऊन बसते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली फरशीवर साचते. हवेत साधारण दीड टक्का वाफ झाली की ठिणगी लागायचा अवकाश. व्हॅनच्या आत अंदाजे चार हजार लिटर हवा धरली, तर एवढी वाफ व्हायला पाव-अर्धा लिटर पेट्रोल बास होतं. फरशीजवळ त्याहून कमी. उन्हात बाटली फुगते, झाकणातून वाफ सुटत राहते आणि पोरं ड्रायव्हरला म्हणतात, 'मामा, वास येतोय.' या वासाची सवय होणं हीच खरी मेख.

ठिणगी कुठून येते? गॅस-पेट्रोलचा स्विच डॅशबोर्डवर असतो. त्याच्या तारा सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या झडपांकडे जातात, एक गॅसचा, एक पेट्रोलचा. स्विच फिरला की एक बंद, दुसरा चालू. तारेचा जोड ढिला असेल किंवा नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर तिथं ठिणगी उडते. उन्हाळ्यात टेपचा चिकटपणा जातो, पावसात आत पाणी जातं. त्यात म्युझिक सिस्टीम, जादा दिवे, मोबाइल चार्जर एकाच तारेवर. फ्यूज वारंवार उडतो म्हणून फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली आम्ही जवळजवळ रोज बघतो. १० अँपिअरचा फ्यूज वितळून वायरिंग वाचवतो. तार वितळत नाही, इन्शुलेशन वितळतं. व्हॅनवाल्यांनी एवढं तरी करावं, फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून आत तार दिसते का ते बघावं. स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

गॅसचं सांगायचं तर एलपीजी हवेपेक्षा जड, सीएनजी हलका. एलपीजी गळाला तर खाली साचतो, सीएनजी छताकडे जाऊन खिडकीतून निघतो, पण त्याचा दाब २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दोनशे पट असतो. सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं तपासणी) दर तीन वर्षांनी करायची असते. तारखेची पट्टी बघायला मिनिटभर लागतं, फक्त सिलिंडर दिसला पाहिजे. आणि तो दिसत नाही, कारण डिकीत त्याच्यावर फळी टाकून, रेक्झिनची गादी घालून तीन-चार पोरांची 'मागची सीट' केलेली असते. त्या फळीमुळे सिलिंडरचा हातानं बंद करायचा कॉक झाकला जातो आणि मागचं दार आतून उघडता येत नाही ते वेगळंच. गाडीत घरगुती सिलिंडरमधला गॅस भरणारे अजून आहेत. तो बेकायदा तर आहेच. शिवाय भरताना टाकी ८० टक्क्यांवर थांबायला हवी, ती थांबतेच असं नाही.

आता दरवाजा. सरकत्या दरवाजाच्या खालच्या पन्हाळीत माती, चिखल, चिंचोके, पेन्सिलीचे तुकडे अडकतात. रोलर घासला की दार अर्ध्यावर अडतं. रोज मामा एक झटका देऊन उघडतात, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. तो झटका सहा वर्षांच्या पोरीला देता येत नाही. पन्हाळ ब्रशनं साफ करणं, रोलरला ग्रीस लावणं, आतल्या हँडलनं दार उघडतं का बघणं, सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. खिडक्यांना गज असतात, हात बाहेर काढू नये म्हणून. ते असावेतच, पण मग सुटकेला दरवाजाच उरतो. तो एकाच बाजूनं उघडत असेल आणि त्याच्या तोंडाशी दप्तरांचा ढीग असेल, तर समियाबाईंसारखं कुणी आत असूनही किती मुलं बाहेर येतील? सीटमधला फोम पेटला की धूर इतका विषारी होतो की हातात मिनिट-दोन मिनिटंच उरतात.

धूर दिसला तर क्रम असा. गाडी डाव्या कडेला, इंजिन बंद, किल्ली काढायची. इंधनाचा स्विच मधल्या जागी, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मोठ्या माणसानं आधी स्वतः उतरून दार पूर्ण उघडायचं आणि बाहेरून एकेका मुलाला काढायचं. आत उभं राहून ढकललं तर दारातच गठ्ठा होतो. दप्तर, डबा, छत्री तिथंच सोडायची. सगळ्यांत मोठ्या मुलानं बाकीच्यांना वारा जिकडून येतोय त्या बाजूला, रस्त्यापासून लांब तीसेक पावलांवर न्यायचं आणि मोजायचं. शेवटचं पोर उतरल्यावरच फायर एक्स्टिंग्विशर. सीटखालचं इंजिनचं झाकण धाडकन उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका उडतो. किंचित उचलून फटीतून पावडर मारायची. दोन किलोचा एक्स्टिंग्विशर दहा सेकंदांच्या आसपास चालतो, तेव्हा नेम ज्वाळेवर नको, बुडाशी हवा. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे बघायचं, आणि महिन्यातून एकदा तो उलटा करून हलवायचा, कारण गाडीच्या धक्क्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. पिनला दोरा गुंडाळून, वर चिकटपट्टी मारून सीटखाली कोंबलेला एक्स्टिंग्विशर नुसता पासिंगपुरता.

नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत, प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. आमची सूचना एवढीच की या समितीनं जूनची पहिली बैठक ऑफिसात चहा-बिस्किटावर न घेता मैदानात घ्यावी, व्हॅन समोर उभ्या करून. कागदपत्रं नंतर बघा. आधी फळी उचला, सिलिंडरची तारीख वाचा, फ्यूज बॉक्स उघडा, सीटमागं हात घाला. कॅन किंवा बाटली सापडली तर गाडी त्या दिवशी बाहेर नको. मामांची रोजीरोटी आहे हे आम्हाला कळतं, त्यातले निम्मे आमचेच गिऱ्हाईक. पण तडकलेला पाइप बदलायला काही फार पैसे पडत नाहीत, आणि तो बदलला की कॅनची गरजच उरत नाही.

मुलांसोबत येणाऱ्या मावशींना किंवा बाईंना बहुतेक वेळा पुढं ड्रायव्हरशेजारी बसवतात. त्यांची जागा सरकत्या दाराला लागून हवी. दाराचं हँडल, इंधनाचा स्विच आणि एक्स्टिंग्विशर या तीन गोष्टी त्यांनी स्वतः हातानं वापरून बघितलेल्या असाव्यात. मग बंद गाडीत सगळी पोरं बसवून एकदा घड्याळ लावून उतरवून बघा, आधी दप्तरांसकट आणि नंतर दप्तरं सोडून.

आपले,
गॅस किट व वायरिंगची कामं करणारे काही कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर