शाळेत इन्सुलिन घेण्यासाठी जागा हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला टाइप वन मधुमेह असल्याचे निदान झाले. आज ती आठवीत आहे आणि दापोली तालुक्यातील एका शाळेत शिकते. या सात वर्षांत आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे 'लहानपणी गोड फार दिलेत का?' वास्तविक या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात खाण्याचा दोष नसतो आणि आईचाही नसतो.

घरातील अडचणींना आम्ही सरावलो आहोत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा इन्सुलिन आम्ही पाण्याने भिजवलेल्या माठात जपले. शाळेतील अडचण मात्र आमच्या हातातली नाही. तिला दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते आणि त्यातील एक वेळ मधल्या सुट्टीतील जेवणाची असते. पानात खिचडी किती वाढली आहे यावर मात्रा ठरते, म्हणून हे काम सकाळीच घरी उरकता येत नाही. वर्गात सुई पाहून इतर मुले घाबरतात असे सांगून तिला आडोशाला जाण्यास सांगण्यात आले, आणि शाळेत आडोसा म्हणजे स्वच्छतागृह. तेथे ओल्या भिंतीला टेकून पोटात सुई टोचून घेणे तिला नकोसे झाले व ती दुपारचे इन्सुलिन गुपचूप टाळू लागली. संध्याकाळी रक्तातील साखर तीनशेच्या वर का जाते, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांचे मला फार वाईट वाटते, कारण ती आजाराला कंटाळली नव्हती, लपण्याला कंटाळली होती.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांच्या शिक्षण विभागांना पत्र पाठवून अशा मुलांना शाळेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि गरज पडल्यास मधल्या वेळी खाण्याची मुभा द्यावी असे कळवले आहे. परीक्षेच्या काळातही ती मिळावी असे त्यात म्हटले आहे. आमच्या शाळेत या पत्राची कोणालाही माहिती नव्हती. शिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांना हे कोणी सांगितलेलेच नाही.

खर्चाची अशी आमची काही मागणी नाही. हात धुऊन स्वच्छ बसता येईल असा शिक्षक-खोलीतील एक कोपरा आणि टेबलाच्या खणात ग्लुकोजचा एक पुडा पुरेसा आहे. कबड्डीनंतर किंवा सड्यावरून उन्हात चालत आल्यावर अशा मुलाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, ते विनाकारण चिडले, तर साखर उतरली आहे हे ओळखून लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे. साखर उतरली असताना त्याला एकट्याने घरी पाठवू नये, आणि याच भीतीपोटी त्याला सहलीतून किंवा खेळातून वगळूही नये.

रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग येथील शिक्षणाधिकाऱ्यांनी हे पत्र जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचवावे, ही विनंती. रक्तातील साखर मोजण्याचा ग्लुकोमीटर कसा वापरायचा हे शिक्षकांना दाखवण्यासाठी आमच्या तालुक्यातील कोणत्याही शाळेत मी स्वतः यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक आई, दापोली तालुका, जि. रत्नागिरी